भावी विजेत्यांचा फ्लेक्स

आमच्या पुंडलिकनगरच्या फुटबॉल टीमचे कोच कारभारीमामा. पोरांना खोटी आशा लावणं त्यांना कधीच जमलं नाही. यंदा सीझनआधी कॅप्टन सोमनाथच त्यांना म्हणाला, "मामा, पालकांच्या मीटिंगमध्ये खरं काय ते सांगून टाका. पोरं लई हवेत हायेत."

मामांनी सांगितलं, "आपले दोन्ही स्ट्रायकर पुण्याला गेले. यंदा कप विसरा. खालच्या गटात घसरलो नाय, तरी लई झालं."

पालकांची तोंडं उतरली. कोचच हरलेला, तर पोरं काय जिंकणार, असं जो तो कुजबुजायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामांसोबत चहाला निघालो, तर चौकात फ्लेक्स चढत होता: 'भावी विजेते'. मधोमध नवा कोच म्हणून सोमनाथचा मेव्हणा, गॉगल लावून. शेजारी हात जोडलेला सोमनाथ. खाली आम्ही सगळे. मामा कुठंच नाहीत.

माझं डोकंच फिरलं. दोऱ्या बांधणाऱ्यावर मी खेकसलो, "रातोरात छापलास व्हय रे?"

"रातोरात कुठं? सोमनाथभाऊ मागच्याच आठवड्यात ऑर्डर देऊन गेले."

मामांनी फ्लेक्स वरपासून खालपर्यंत एकदा वाचला. मग म्हणाले, "मी खरं तेच बोलणार, एवढा भरवसा होता त्याचा माझ्यावर."