फुकटची प्रदक्षिणा

गुरुवारी सकाळी दत्ताच्या देवळात प्रदक्षिणेच्या वाटेवरच एक म्हातारी भोवळ येऊन पडली. आता धावपळ होईल, असं मला वाटलं. कसली धावपळ! मंडळी ओठ हलवत, डोळे अर्धवट मिटून तिला वळसा घालून पुढे गेली. एक गृहस्थ तर सोवळं सावरत निसटले. देवाभोवती फिरताना आपण त्या माउलीलाही फुकटची प्रदक्षिणा घालतोय, हे कुणाच्या गावीही नव्हतं. माझं डोकंच फिरलं. वाट धर्माने आखून दिली, ठीक आहे. पण वाटेत माणूस पडलं तर थांबायचं, हेही त्यानेच सांगायचं?

तेवढ्यात आमच्या शेजारच्या मालूताई थांबल्या. लेकीचं बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून त्या मौन धरून फेऱ्या घालत होत्या. त्यांनी म्हातारीचं डोकं मांडीवर घेतलं आणि घंटेच्या वरताण आवाजात ओरडल्या, "अहो, कुणीतरी पाणी आणा!"

मी पाणी घेऊन धावलो. मागून पुजारीबुवा कळवळले, "मालूताई, मौन मोडलंत! सगळ्या फेऱ्या वाया गेल्या. आता पुन्हा पहिल्यापासून!"

"घालीन की," पदराने वारा घालत मालूताई म्हणाल्या. "दत्तगुरूंना म्हणावं, जरा थांबा. ते काही भोवळ येऊन पडलेले नाहीत."