मामांच्या कॅमेऱ्याची स्प्रिंग

मला जुने रोलचे कॅमेरे घ्यायचा नाद आहे. शिरोलीच्या भंगारात किंवा कागलच्या एखाद्या बंद पडलेल्या स्टुडिओत कॅमेरा आहे असं कळलं, की मी गाडीला किक मारलीच म्हणून समजा. विकणारा काहीही सांगू दे, मी आधी मागचं झाकण उघडतो, कॅमेरा खिडकीकडं धरतो आणि बटण दाबतो. शटरच्या पात्या उघडून उजेड चमकला तर माल खरा. नुसत्या 'टिक' आवाजावर भरवसा ठेवायचा नाही, असं मी चार नवशिक्यांना फुशारकीनं शिकवलंय.

मला हे शिकवलं शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीतल्या मामांनी. नात्याचे नव्हेत, सगळी गल्लीच त्यांना मामा म्हणते. त्यांचा फोटो स्टुडिओ होता. तो बंद केला तेव्हा त्यांनी आपला रोजच्या वापरातला कॅमेरा माझ्या हातात ठेवला. "इकू नगंस. आठवड्यातनं एकदा बटण दाबत जा, न्हायतर पात्या चिकटत्यात. चालता ठेव म्हंजे झालं."

वर्षभर ठेवला. मग मला अगदी तसलाच, पण ओरखडाही नसलेला एक कॅमेरा मिळाला. त्याची शटरची स्प्रिंग तेवढी तुटलेली. ती आता कुठं मिळत नाही. आम्हा नादिष्टांची एक वाईट खोड आहे, एक कॅमेरा जगवायला दुसरा मारायचा. मी मामांचा उघडला आणि स्प्रिंग काढून घेतली. मामा आता कशाला मागतायत, असं मनाशी म्हणालो. लाज कशी वाटली नाही, कोण जाणे.

गेल्या साली मामा दारात आले. मामींना कॅन्सर निघाला होता, दोन दिवसांनी केमो सुरू व्हायची होती.

"केस जाणार म्हणं," मामा म्हणाले. "अख्ख्या पेठंच्या नवऱ्या पोरींचं फोटो काढलं, आन हिचा एक धड काढला न्हाय. आता तीच म्हणत्या, केस हायत तवर काढा. उद्या सकाळी माझा कॅमेरा दे."

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मी 'आणून देतो' म्हणून बसलो. कपाटात चांगले चालणारे सात कॅमेरे होते, पण त्यातला दिला असता तर माझा कुठाय म्हणून त्यांनी विचारलं असतं. दुपारीच स्प्रिंग काढून परत मामांच्या कॅमेऱ्यात बसवली. बटण दाबलं, टिक वाजलं. रोल भरायला झाकण उघडलंच होतं, तसाच खिडकीकडं धरायला कितीसा वेळ लागतो? मी धरला नाही. उजेड दिसला नाही तर कबूल करावं लागेल, म्हणून धरला नाही. एवढा मी नीच.

सकाळी गच्चीवर मामी न्हाऊन, केस मोकळे सोडून बसल्या होत्या. "आता म्हातारपणी काय लाजवताय," म्हणत होत्या. मामांनी अख्खा रोल संपवला.

मी फोटो घरीच धुतो. त्याच दिवशी धुतला असता तर निदान दुसऱ्या कॅमेऱ्यानं परत काढता आले असते. पण भीतीनं तीन आठवडे रोल ड्रॉवरमध्ये पडू दिला. धुतला तेव्हा कडेचे आकडे स्वच्छ उमटले होते, मध्ये काहीच नव्हतं. फिल्मला उजेडच लागला नव्हता.

मामांनी ती फिल्म बराच वेळ खिडकीसमोर धरली. "टोपी," ते म्हणाले. "लेन्सची टोपी काढायची ऱ्हायली माझ्याकडनं." त्या कॅमेऱ्यात बघायची काच वेगळी असते, टोपी तशीच राहिली तरी डोळ्याला कळत नाही. पण मामांनी ती काढली होती, मी बघितलं होतं.

मामी कॉटवर बसल्या होत्या, डोक्याला रुमाल बांधून. मामा त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. "चुकलं गं माझं."

"असूद्या," मामी म्हणाल्या. "बघितलासा न्हवं डोळं भरून, मग झालं की."

मामांनी कॅमेरा माझ्याकडं दिला. त्यांचे डोळे भरले होते. "माझा हात ग्येला बघ. आता मी मागितला तरी देऊ नगंस."

मी 'बरं' म्हणालो.