पालखीची कोरी चौकट

मात्सूदेवीची पालखी कुठल्या वाटेने जाईल ते देवीलाच ठाऊक. ती ओढेल तिकडे भोयांनी वळायचं. म्हणून तर देवळाच्या वेबसाइटवर एका चौकटीत पालखी आत्ता कुठे आहे ते दाखवणारा नकाशा दिसे. आणि पालखी दोन कोसांवर आली, नि चौकट ठार कोरी!

रुईफेनने पान पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं. सकाळी अंड्याच्या पोळ्या विकणारी ही बाई वेबसाइट हौसेने सांभाळायची. गावातली अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं त्या चौकटीकडे डोळे लावून बसली होती. रस्त्यात ओळीने वाकून पालखी अंगावरून जाऊ दिली की देवीचा आशीर्वाद मिळतो; त्यासाठी वेळेवर घरातून खाली उतरायला हवं. तिची आईही त्यांतलीच.

नकाशा वेगळा उघडला की छान उघडे; चौकटीत मात्र येईना. रुईफेनने खाली तो वेगळा उघडणारं मोठं बटण लावलं, ‘इथे दाबा.’ कुणी दाबेना!

“अगं, पोलीसच सांगतात ना, अनोळखी बटण दाबू नका म्हणून?” देवळाचे अध्यक्ष ल्याओ काका म्हणाले. “घुसव की आत कसंतरी!”

“दाराला कडी असेल तर वाजवावी काका, उचकटू नये.”

तिने तो नकाशा चालवणाऱ्या नकाशावाल्याला फोन लावला. “लबाड लोक माझा नकाशा आपल्या चौकटीत दाखवून दानाचे पैसे उकळतात,” तो म्हणाला. “म्हणून मी ठरवलेल्या वेबसाइटच्या पत्त्यांवरच तो दिसतो. तुमचं देऊळ आहे की त्यात.”

“कोणता पत्ता आहे?”

त्याने वाचून दाखवला. रुईफेनने कपाळावर हात मारला. गेल्याच महिन्यात काकांनी देवीला कौल लावून वेबसाइटला नवा पत्ता घेतला होता. लाकडी कौल लागोपाठ तीनदा उजवा पडला, फटाके उडाले, नि नकाशावाल्याला कळवायचं राहिलं!

“देवीने होकार दिला म्हटल्यावर आणखी कुणाला विचारायचं?” काका ओशाळून म्हणाले.

“देवीला विचारलंत, नकाशावाल्याला नाही कळवलंत! आता माझ्या आईला तेवढं खाली आणा.”

नकाशावाल्याने नवा पत्ता घातला. चौकट भरली, आणि पालखी चक्क त्यांच्याच गल्लीकडे वळलेली! घराघरांतून चाकांच्या खुर्च्या बाहेर पडू लागल्या. धन्य ती बाई! सगळ्यांचे ‘खाली उतरलो’ असे फोन येऊन गेल्यावरच ती उठली.

ती धावत पोचली तेव्हा रांग गच्च भरली होती. काकांनी आईला पाठुंगळी आणून बसवलं होतं. आईने शेजारच्या, गुडघे टेकायला ठेवलेल्या रिकाम्या उशीवर हात घट्ट दाबून ठेवला होता.

“आ-फेन, वाक लवकर,” आई लाडाने म्हणाली. “तुझी जागा धरलीय मी.”