दोनशे चौदा नंबरचा फोन

जगातल्या कुठल्याही गोष्टीचा उलगडा होऊ शकतो, पण आमच्या ऑफिसातल्या मामूंनी लिहिलेल्या कोडचा होऊ शकत नाही, असं माझं ठाम मत आहे. ती दुष्काळाची वर्षं. शहर पडेगावकडे वाढत सुटलं होतं, नळ मात्र जागचे हलले नव्हते, आणि कुठल्या घरी टँकर कधी जाणार हे मामूंचा डेटाबेस ठरवायचा. मामू उस्मानपुऱ्यातले. खुर्चीवर मांडी घालून, बशीतला चहा फुरकत ते कोड लिहीत. हजारो ओळींत खुलाशाचा एक शब्द नाही. रकान्यांची नावं ए, बी, सी. ‘सी’ म्हणजे काय, असं विचारलं की म्हणत, “बी के बाद का, मियाँ!” खुलासा का लिहीत नाही, असं एकदा चिडून विचारलं, तर म्हणाले, “लिहिला तर तू विचारायला येशील का? चाय अकेले पीना पडेगा मेरेकू.”

आमचा नियम साधा होता. आदल्या दिवशी घरी तीनदा फोन करायचा, उचलला नाही तर पाळी पुढच्या घराला. त्यात एक ओळ सापडली: ग्राहक दोनशे चौदा असेल तर फोन उचलला असं समजावं. मी चक्रावलो. हा वशिला कुणाचा? मामू म्हणाले, “चलतंय ना? मग कायको छेडता?” मी पडलो तत्त्वाचा माणूस. ओळ पुसून टाकली.

आठवड्यानं ड्रायव्हर म्हणाला, “साहेब, पडेगावच्या मावशी रोज दारात बसल्यात. त्यांची पाळी येतच नाय.” मी गेलो. उंबऱ्यावर एक म्हातारी, पुढ्यात कोरडा ड्रम. आत फोन खणखणत होता, आमच्याच ऑफिसचा, आणि ती शांतपणे रस्त्याकडे बघत होती. “मावशी, फोन!” मी ओरडलो. ती माझ्याकडे बघून हसली. “टँकर आला व्हय?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ओळ परत घातली आणि शेजारी खुलासा लिहायला घेतला. मामूंनी माझा हात धरला. “मत लिख. त्यांनी शेजारणीलाबी कळू दिलं नाय. तू सगळ्या ऑफिसला सांगतो?”

मामू जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचं कोड अजून चालतं. त्यात असल्या आणखी छत्तीस ओळी आहेत आणि एकीचाही अर्थ मला लागत नाही. नवे लोक विचारतात, “सर, ही कशासाठी?” मी म्हणतो, “राहू द्या.” त्यांचं समाधान होत नाही. माझंही होत नाही. पण कोण कुठल्या दारात बसलंय, हे सांगणारा माणूस आता नाही.