कॉइलवाल्या अनुपमाच्या माश्या

अंधेरीच्या एमआयडीसीत अनुपमाने अठ्ठावीस वर्षं कॉइल गुंडाळल्या. केसासारखी बारीक तांब्याची तार, वेढ्याला वेढा चिकटलेला, मध्ये फट म्हणून राहू द्यायची नाही. ट्रान्सफॉर्मरचा तो कारखाना बंद झाला तेव्हा मालक म्हणाला होता, "बाई, तुमच्या हातची कॉइल कधी परत आली नाही." तेव्हापासून ती घरीच. नवरा आधीच गेलेला. चकाल्याच्या दोन खोल्यांत ती आणि मुलगा देवेश, दोघंच.

देवेश पवईच्या एका कंपनीत होता. तिथल्या निहारने त्याला हिमाचलात नेलं आणि ट्राउटचं वेड लावलं. ट्राउट हा थंड नदीतला मासा. त्याला फसवायला गळावर दोरा, पीस आणि तार गुंडाळून खोटी माशी बांधतात. देवेश त्या स्वतः बांधायचा. खिडकीपाशी गळ घट्ट धरून ठेवणारा छोटा वाईस लावून सुट्टीचा अख्खा दिवस तिथे बसायचा.

"मेल्या, पकडून परत पाण्यात सोडतोस, मग एवढ्या लांब मरायला जातोस कशाला?" अनुपमा विचारायची. ती मालवणची. मासा ताटात येणार नसेल तर तो पकडायचाच का, हे तिला कधी कळलं नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी देवेशची स्कूटर घसरली. तो उजव्या खांद्यावर पडला आणि खांद्यातून हातात जाणाऱ्या नसा तुटल्या. ऑपरेशन झालं, पण हात लोंबताच राहिला. फार आशा धरू नका, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर देवेश बोलेनासा झाला. विचारलं तेवढं उत्तर द्यायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. अनुपमाला त्या हातापेक्षा या गप्प बसण्याची जास्त भीती वाटायची.

जानेवारीतल्या एका दुपारी तिने वाईस झटकून पुसला आणि त्याला हाक मारली. "मला शिकव."

"काय?"

"माशी बांधायला. घरात बसून माझे हात आखडले."

तो उठून समोर येऊन बसला. "गळ लाव. वाक पकड, दांडी मोकळी ठेव."

पहिल्या माशीला अनुपमाने दोरा असा चोपून गुंडाळला, की गळाचं छिद्रच दिसेना.

"आई, डोळा बुजवलास! आता दोरी ओवायची कुठून? ही काय कानात घालणारेस?"

ती एवढी हसली की ठसका लागला.

"कॉइल नाहीये ही. पुढे दोन मिलिमीटर जागा सोड."

मग मोराचं पीस आलं आणि त्यावरून घालायची तांब्याची तार. अनुपमाने ती बोटांत फिरवली आणि जाडी सांगून टाकली. "अडतीस गेज."

"तुला कसं कळलं?" देवेशने विचारलं. कित्येक आठवड्यांत त्याने आपण होऊन तिला काही विचारलं नव्हतं.

"ही तार उलटी गुंडाळ," तो म्हणाला. "पिसाच्या वेढ्यांवरून आडवी गेली तरच पीस उसवत नाही."

"उलटी? आमच्या इथे उलटा वेढा घातला असता तर सुपरवायझरने पाठ सोलली असती."

रोज चारला चहाबरोबर शिकवणी सुरू झाली. बांधता बांधता तो नदीचं सांगायचा. दगडाच्या आडोशाला मासा कसा उभा राहतो, वर येतो तेव्हा पाण्यावर नुसतं एक वळं कसं उमटतं. अनुपमा मान खाली घालून दोरा ओढायची आणि ऐकायची. मार्चमध्ये हंगाम उघडतो. तोवर हा डाव्या हाताने काहीतरी जमवेल, निहारबरोबर जाईल, असं तिने मनाशी धरून टाकलं.

आठव्या दिवशी देवेश फिजिओथेरपीला गेला असताना तिने एक माशी बांधली. डोळा मोकळा, पीस आखूड, शेवटची गाठ शोधून सापडू नये अशी. त्याला कधी दाखवते असं तिला झालं. पण मग हात थांबला. हा 'झकास' म्हणेल, उठून आत जाईल, आणि उद्या शिकवायला काय उरेल?

तिने ती माशी हिंगाच्या रिकाम्या डबीत टाकली आणि चार वाजता डोळा बुजवून दाखवला.

"आई! परत?" देवेश वैतागला, पण अर्धा तास जास्त बसला.

मग तेच चालू झालं. सकाळी तो फिजिओथेरपीला गेला की नीट, दुपारी चुकीचं. कधी दोरा सैल, कधी पीस लांब. एकच चूक रोज होऊ नये याचीही ती काळजी घ्यायची.

फेब्रुवारीच्या शेवटी एकदा फिजिओथेरपीवाला आला नाही आणि देवेश लवकर घरी परतला. टेबलावर एकोणीस माश्या ओळीने मांडलेल्या. त्याने डाव्या हाताने एक उचलली.

"ही कोणी बांधली?"

अनुपमाने हिंगाची डबी पाठीमागे लपवली.

"मला येडा बनवत होतीस रोज?"

"नाही रे. तू बोलायचास म्हणून."

देवेश खुर्चीवर बसला. रागावला असता तर बरं, असं तिला वाटलं.

"मीपण तुला सांगितलं नाही," तो म्हणाला. "गळाचा रॉड मी निहारला देऊन टाकलाय. रविवारी न्यायला येतोय. रॉडबरोबर चार बऱ्या माश्या द्याव्यात, एवढ्यासाठी शिकवत होतो."

"आणि डावा हात?"

"गच्चीवर जाऊन करून बघितलं ना. एका हाताने रॉड फिरवायचा, दुसऱ्याने दोरी ओढत राहायची. नाही होत, आई."

ती रोज चुकत होती त्याला टेबलापाशी धरून ठेवायला, आणि तो रोज शिकवत होता हा नाद एकदाचा संपवायला.

रविवारी निहार आला. माश्या बघून म्हणाला, "काकू, दुकानातसुद्धा अशा मिळत नाहीत." मग देवेशकडे वळला. "तू चल ना यार. काठावर बस नुसता."

"बघू," देवेश म्हणाला. निहारने पुन्हा विचारलं नाही. रॉडची लांब पिशवी खांद्याला अडकवून तो जिना उतरला.

दार लावून अनुपमा आत आली. देवेश टेबलापाशीच होता.

"मार्चमध्ये पाणी किती थंड असतं रे?" तिने विचारलं.

"सांगितलंय तुला."

"परत सांग."

"गुडघे बधिर होतात," तो म्हणाला. "पण बाहेर यावंसं वाटत नाही." पुढे बोलायला गेला आणि त्याला हुंदका आवरला नाही. अपघातानंतर तो पहिल्यांदाच रडत होता.

अनुपमाने त्याला गप्प केलं नाही. खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि त्याचं रडून होईपर्यंत बसून राहिली.