थोरल्या साडूंचं ‘कुठं निघालात?’

आमच्या थोरल्या साडूंच्या घरातून आजतागायत एकही माणूस ठरल्या वेळी बाहेर पडलेला नाही. तिथं जाणं सोपं असे; परत कसं यायचं, हा प्रश्न असे. निघालेल्या माणसाला मागून ‘कुठं निघालात?’ असं विचारू नये, काम होत नाही, हे साडूंच्या कन्नड तालुक्यातल्या आईनं त्यांच्या मनात पक्कं बसवलेलं. कुणी विचारलंच तर माघारी फिरायचं, बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि नव्यानं निघायचं. इथवर ठीक होतं. घोटाळा एवढाच, की विचारणारे स्वतः साडूच असत. पाहुण्यानं चपलेत पाय सरकवला, की त्यांच्या तोंडून कळवळून निघे, ‘आता उन्हाचं कुठं निघालात?’ आणि लगेच ते स्वतःच्याच तोंडावर हात मारून घेत. ‘अरारा! विचारलं का मी? बसा, बसा, तसं जायचं नसतं!’ मग पाणी, पाण्यामागं चहा, चहामागं तळहातावर दही, दह्यामागं आणखी कसली तरी आठवण. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही त्यांच्याकडं दुपारच्या जेवणाला गेलो, ते दुसऱ्या दिवशीचे पोहे खाऊन परतलो. मधे नक्की काय काय झालं, हे मला अजून सांगता येत नाही.

अशा माणसाच्या डोक्यात आपल्या गावातून सायकलची शर्यत सोडायचं वेड शिरावं, हे त्याहून न कळण्यासारखं. साडू पाटबंधारे खात्यात होते आणि हर्सूलहून कचेरीत सायकलनं येत; इतक्या सावकाश, की बाजूनं चालणारा ओळखीचा माणूस त्यांच्याशी अख्खं बोलणं पुरं करू शके. एक दिवस त्यांना कळलं, की मोठी शर्यत होणार आहे. एक टोक नाशिक, दुसरं आमचं शहर. तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. सुरुवात कुठून करायची, हे मुंबईची समिती दोन्ही गावं बघून ठरवणार होती. झालं. साडू तडक आमच्या घरी.

‘साडूभाऊ, लोक इथं येतात, लेणी बघतात, मकबरा बघतात अन् जातात. इथून काही सुरूच होत नाय! शर्यत इथून सुटली तर नाव कसं छापतील? औरंगाबाद–नाशिक. आधी आपण!’

‘आणि तिकडून सुटली तर?’

‘तर काय? आपण आपले पुन्हा दारात उभे, पाव्हण्यांची वाट बघत.’

मला त्यातला फरक तेव्हाही नीट कळला नाही. पण त्यांचे डोळे भरून आले होते, म्हणून मी मान हलवली. त्या मानेनं मला स्वागत समितीचा सचिव केलं. सचिवानं काय करायचं असतं, हे मला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. या घरात प्रश्न विचारला की काय होतं, ते मी बघितलेलं होतं.

पहिला गोंधळ दरवाज्याचा. शहराला म्हणे बावन्न दरवाजे, आणि शर्यत त्यातल्याच एकातून सुटली पाहिजे. ‘दिल्ली दरवाजा दिल्लीकडं, पैठण दरवाजा पैठणकडं. मग नाशिककडं तोंड करून कोण उभंय?’ हा प्रश्न घेऊन आम्ही एक अख्खा रविवार सायकलवर फिरलो. म्हणजे ते सायकलवर, मी मागं कॅरियरवर, कारण मला तोल सांभाळता येत नाही. भडकल दरवाज्यापाशी पंक्चरवाल्या चाचांनी मागून हाक मारली, ‘किधर जाना है, मियाँ?’

‘जाना नहीं है चाचा, निकलना है.’

चाचांनी आम्हाला खालपासून वरपर्यंत पाहिलं. ‘तो निकलो ना!’

पण निघणार कसं? मागून विचारलं होतं. साडू उतरले, चाचांच्या बाकड्यावर बसले, पाणी मागून प्याले, आणि प्याल्यावर म्हणाले, ‘साडूभाऊ, पाणी इथलं गोड हाय. शर्यत इथूनच सुटंल.’ सुरुवातीची जागा अशी ठरली.

मुंबईची समिती आली ती रंगीत तालीम बघायला. तीन गृहस्थ; प्रमुख निवृत्त लष्करी अधिकारी, गळ्यात स्टॉपवॉच. गावातली पोरं सायकली घेऊन रांगेत उभी, साडूंच्या हातात हिरवा झेंडा. सगळं इतकं नीट चाललं होतं, की मला शंका यायला लागली. तेवढ्यात अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, दह्याचं पातेलं घेऊन पुढं झाल्या. ‘लांब चाललीत लेकरं,’ असं म्हणत साडूंनी प्रत्येकाच्या उजव्या तळहातावर चमचाभर दही ठेवलं. पोरांनी ते चाटलं आणि त्याच हातांनी हँडल धरलं. हँडल निसटायला लागलं. एक जण उभ्या उभ्या आडवा झाला.

‘हे काय आहे?’ प्रमुखांनी मला विचारलं.

सचिव या नात्यानं मी म्हणालो, ‘दही.’

‘ते दिसतंय. का आहे?’

मी पोरांना हात धुवायला पिटाळलं. चाचांच्या पंक्चरच्या घमेल्यात सगळ्यांनी हात धुतले. झेंडा वर गेला, खाली आला. चाकं फिरली. आणि साडूंच्या तोंडून कळवळून निघालं, ‘अरे, टोप्या न घालता उन्हाचं कुठं निघालात?’

सगळी पोरं त्यांच्या ओळखीची. करकचून ब्रेक दाबले गेले, एकेक पाय जमिनीवर टेकला आणि सगळी शर्यत मुकाट्यानं मागं वळली. साडूंचा हात तोंडावर गेला, तो बराच वेळ खाली आला नाही.

समितीचं जेवण अर्थातच साडूंकडं. दोनदा उठून दोनदा बसल्यावर प्रमुख तिसऱ्यांदा दारात आले आणि साडूंचा हात हातात घेऊन म्हणाले, ‘राव, तुमच्या गावातून शर्यत सुटणं शक्य नाही. पण संपायला याच्यासारखं गाव मिळणार नाही. ती इथंच संपेल.’ मंडळी जिना उतरली, गाडीत बसली, गेली. मागून कुणीही, काहीही विचारलं नाही. तेवढी शांतता त्या घरात मी पहिल्यांदा ऐकली.

शर्यत झाली. नाशिकहून सुटली, भडकल दरवाज्यापाशी संपली. पहिल्या आलेल्याचं नाव मला आठवत नाही. साडूंना तर तेव्हाही ठाऊक नव्हतं. हार-तुरे झाले, मांडव उतरवला, तरी ते तांब्या घेऊन उभेच. उन्हं उतरल्यावर एक पोरगा सायकल हातानं ढकलत आला. ‘आला बाबा,’ म्हणून साडूंनी त्याला पाणी पाजलं.

‘आता बरं वाटलं?’ मी विचारलं.

‘बरं हाय. पण सुरुवात ती सुरुवात, साडूभाऊ.’

पुढं साडू निवृत्त झाले, गुडघ्यांनी सायकल सोडली, आणि त्यांच्या मुलानं दोघांना आपल्याकडं न्यायचं ठरवलं. मुलगा नोकरीला कुठं असावा? नाशिकला. निघायच्या दिवशी गाडी दारात उभी होती. सामान चढलं, अक्का बसल्या, साडूंनी चपलेत पाय घातला. आणि मला काय झालं कळेना. माझ्याच तोंडून गेलं, ‘उन्हाचं कुठं निघालात?’

साडू थांबले. परत आत आले, रिकाम्या खोलीत फरशीवर बसले. मी पाणी दिलं, तळहातावर दही ठेवलं. चाटता चाटता ते हसले. ‘बघा साडूभाऊ. औरंगाबाद–नाशिक. शेवटी इथूनच सुटली का नाय?’

‘व्हय,’ मी म्हणालो.

मग ते उठले, गाडीत बसले. मी दुसऱ्यांदा विचारणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण तोवर गाडी कोपऱ्यावरून वळली होती.