टेबलावर ठेवलेलं स्वातंत्र्य

रोहिणीला या प्रोजेक्टवरून काढायचं, हे मी मीटिंग सुरू व्हायच्या आधीच निखिलला सांगून ठेवलं होतं. निखिल आमचा बॉस. वयानं माझ्या धाकट्या मुलाएवढा, पण बॉस तो बॉस. तो म्हणाला, "अक्का, क्लायंटसमोर नको. आपलं आपण घरात मिटवू."

"घरात कशाला? चूक क्लायंटच्या कामात झाली, तर क्लायंटसमोरच बोलू की," मी म्हणाले. सभेच्या रीतीभाती मला कुणी शिकवाव्यात, हे मला कधी पटलेलं नाही. पुढचा सगळा तमाशा त्यातूनच झाला.

माझी सगळी नोकरी एका सरकारी कार्यालयाच्या सभा विभागात गेली. सभेची नोटीस काढायची, विषयपत्रिका लावायची, ठरावाखाली सूचक-अनुमोदकांची नावं घालायची, कोण काय बोललं ते लिहायचं. सदस्य एकमेकांच्या अंगावर धावून गेले, माइक तुटला, तरी मी कागदावर 'साधकबाधक चर्चेअंती' एवढंच लिहायची. रिटायर झाल्यावर घरी करमेना. जयसिंगपुरात आमच्याच गल्लीत वाढलेल्या निखिलनं कोल्हापुरात, राजारामपुरीत एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर ऑफिस थाटलं होतं. त्याला इंग्रजी वाचणारं आणि सभागृहाचं कामकाज समजणारं माणूस हवं होतं. "असं माणूस जिल्ह्यात माझ्याशिवाय दुसरं कोण आहे?" असं मी त्याला विचारलं. बिचाऱ्यानं ते खरं मानलं. आमच्या सीमेकडच्या घरांत थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात; गल्लीत मी सगळ्यांची अक्का, तशी ऑफिसातही झाले.

काम अमेरिकेचं होतं. तिकडच्या शाळा-कॉलेजांत डिबेटचं, म्हणजे वादविवादाचं फार वेड. कुठल्या पुढाऱ्यानं लोकांच्या स्वातंत्र्यासाठी काय केलं, यावर पोरं स्टेजवर तावातावानं भांडतात. त्यांना पुरावे पुरवणारी एक वेबसाइट होती, ती आमची क्लायंट. तिकडच्या राज्यांच्या विधानसभांतली मतदानाची रेकॉर्ड आम्ही वाचायची. कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलिसांनी घरझडती घ्यावी का, लोकांचे फोन चोरून ऐकावेत का, मोर्चाला परवाना लागावा का, असले विषय. स्वातंत्र्याच्या बाजूनं मत दिलं असेल तर हिरवा रंग, विरोधात असेल तर लाल. असं करत प्रत्येक पुढाऱ्याचं एक पान तयार व्हायचं. रंग भरायचं काम ऑफिसातल्या मुलामुलींचं, ते तपासायचं काम माझं. या तपासण्याला क्यूसी म्हणतात. मास्तरकीच ती, फक्त इंग्रजीत म्हटलं की जरा वजन येतं.

जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडंही डिबेट रंगायची. खालच्या रस्त्यावरचा खड्डा कुणाच्या वॉर्डात येतो हे आमच्यातल्या एकालाही सांगता आलं नसतं, पण सात समुद्रांपलीकडच्या आमदारांवरून डबे थंड व्हायचे. नावं उच्चारायची पंचाईत, म्हणून आम्ही त्यांची बारशी केली होती. 'टायवाले आजोबा' माझे लाडके. त्यांचं पान वरपासून खालपर्यंत हिरवंगार. त्यांच्या विरोधातली 'चष्मेवाली' मात्र लालच लाल. मला तिचा रागच यायचा. बाई असून लोकांच्या स्वातंत्र्याच्या मुळावर उठलीय, म्हणजे काय म्हणावं? आमच्या महिला मंडळात हळदीकुंकवाला मला दोन शब्द बोलायला सांगितलं, तर मी अर्धा तास टायवाल्या आजोबांवर बोलले. असा एक जरी माणूस आपल्याकडं असता, असं म्हणताना माझा आवाज भरून आला होता. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

आता रंग कसे ठरायचे ते सांगते. त्या रेकॉर्डमध्ये एक शब्द सारखा यायचा, 'मोशन टू टेबल'. अमुक बिल टेबल करावं, असा प्रस्ताव. मग कोण हो म्हणालं, कोण नाही. पहिल्याच आठवड्यात पोरांनी विचारलं, "अक्का, टेबल करायचं म्हणजे काय?"

"पटलावर ठेवायचं. सभागृहापुढं मांडायचं," मी म्हणाले. "हे काम मी जन्मभर केलंय."

हिशेब सरळ होता. चांगलं बिल मांडायला जो हो म्हणाला तो स्वातंत्र्याचा मित्र, जो नाही म्हणाला तो शत्रू. मी तशी सूचना टाइप केली, ठळक अक्षरांत प्रिंट काढली आणि भिंतीवर चिकटवली. चारी कोपऱ्यांना टेप लावून.

भांडली ती एकटी रोहिणी. कोडोली गावची पोरगी, आवाज असा की खालच्या क्लासातले सर वर बघायला यायचे. कोल्हापूरच्या बऱ्याच मुलींसारखी ती 'मी जातो, मी करतो' असंच बोलायची. एक दिवस खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.

"अक्का, चष्मेवालीला मी लाल करणार न्हाई."

"का?"

"तिची भाषणं ऐकलीसा काय तुम्ही? मी ऐकतो रोज. डिट्टो आमच्या आत्यागत बोलतीय. असली बाई पोलिसाला उंबऱ्याच्या आत घेईल व्हय?"

"आपण मतं बघायची, आत्या नाही."

"बरं, मग ह्या टायवाल्यानं मांडलेली बिलं फुडं कुठं गेली? एक बी पास झालेलं दिसत न्हाई."

"आमच्या सभेत मांडलेले विषय तरी पुढं कुठं गेले, कुणाला ठाऊक आहे?"

सगळं ऑफिस हसलं. मला माझं उत्तर इतकं आवडलं की संध्याकाळी घरी जाऊन ह्यांनाही ऐकवलं. रोहिणीला शब्दाचा अर्थ कळला होता असं मुळीच नाही. तिचा नुसता विश्वास बसत नव्हता. ती चष्मेवालीला हिरवी करायची, मी क्यूसीत लाल करायची. माझ्या प्रत्येक दुरुस्तीसरशी तिची अ‍ॅक्युरसी, म्हणजे अचूकपणाचे मार्क, खाली यायचे. सलग दोन महिने मार्क कमी पडले तर प्रोजेक्टबाहेर, असा नियम होता. तोही मीच लिहून भिंतीवर चिकटवलेला. आणि आमच्याकडं दुसरं प्रोजेक्ट नव्हतं, त्यामुळं बाहेर म्हणजे घरीच.

घरी म्हणजे काय, हे तिनं मला एकदा चहाच्या टपरीवर सांगितलं होतं. राजारामपुरीत दोन मैत्रिणींबरोबर तिनं एक खोली घेतली होती. खोली म्हणजे तीन कॉट आणि एक खिडकी. "अक्का, माझ्याकडं किल्ली हाय," ती म्हणाली होती. "कुठं चाललीस, कधी येणार, कोण संगट हाय, कोण विचारत न्हाई. कधी कधी मी नुसतंच भाईर जातो आणि परत येतो." मीही तिला सांगून बसले होते, की सकाळी डबा घेऊन निघायला मिळतं, याचंच मला अप्रूप. नोकरी असेपर्यंत खोली, असं तिच्या वडिलांनी बजावलं होतं. हे सगळं ठाऊक असताना मी तिचे मार्क कापत होते. अमेरिकेतल्या माणसांच्या स्वातंत्र्याची मला फार काळजी होती ना.

तर ती मीटिंग. संध्याकाळची वेळ, तिकडं सकाळ. स्क्रीनवर क्लायंटच्या लिंडा मॅडम, अलीकडं निखिल, मी आणि रोहिणी. मी मुद्दाम इरकली साडी नेसून गेले होते. बोलणं अर्थातच इंग्रजीत चाललं होतं. आधी कॉन्ट्रॅक्ट पुढं चालू ठेवण्याचं बोलणं झालं, ते बरं झालं. मग मी पाठवलेली विषयपत्रिका बघत लिंडा मॅडम म्हणाल्या, "रोहिणीच्या मार्कांचं प्रकरण मला नीट कळलेलं नाही. लेट्स टेबल इट."

मला आणखी काय हवं होतं? क्लायंटनं स्वतः विषय पटलावर घेतला. मी घसा साफ केला आणि सुरू झाले. कामात हयगय, वरिष्ठांचा शब्द न मानणं, एका राजकारणी बाईविषयी पक्षपात. मुद्देसूद, एकेक करून.

लिंडा मॅडमनी हात वर केला. "अक्का, मी म्हणाले, टेबल इट."

"येस मॅडम, तेच करतेय," मी म्हणाले आणि दुप्पट जोरानं पुढचा मुद्दा घेतला. निखिलनं टेबलाखालून माझा पाय दाबला. मला वाटलं, शाबासकी देतोय.

तिसऱ्यांदा त्या बोलल्या तेव्हा एकेक शब्द सुटा करून बोलल्या. "अक्का, प्लीज. टेबल करू म्हणजे हा विषय बाजूला ठेवू. आज चर्चा नको."

मी थांबले. "मॅडम, तुमच्याकडं टेबल करणं म्हणजे बाजूला ठेवणं?"

"हो. विषय गुंडाळायचा असला की आमच्या सभागृहात तो टेबल करतात. बहुतेक वेळा तो तिथंच मरतो." त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं काय म्हणतात?"

मी मनातल्या मनात हिशेब पुन्हा मांडला. टायवाल्या आजोबांनी घरझडतीविरुद्धची सगळी बिलं टेबल केली होती. एकूण एक. म्हातारा एकेका बिलाचा गळा घोटत होता आणि मी इकडं त्याला हिरवा रंग फासत होते. चष्मेवाली प्रत्येक वेळी 'नाही' म्हणत होती. म्हणजे, मारू नका म्हणत होती. तिला मी लाल केलं होतं.

रोहिणीच्याही डोक्यात तेव्हाच उजेड पडला. ती माझ्याकडं बघत राहिली, मग भिंतीवरच्या प्रिंटकडं, मग स्क्रीनकडं वळून म्हणाली, "मॅडम, मग आमची सगळी पानं उलटी हायत." घाईत अर्धं इंग्रजी, अर्धं कोडोली. पण लिंडा मॅडमना बरोबर कळलं.

त्या चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि कुठली-कुठली पानं ते विचारलं. मी सांगितलं, टेबल शब्द असलेली सगळी. ती पानं घेऊन तिकडची पोरं स्पर्धांत बोलून आली होती. कुणीतरी स्टेजवर माझ्या आजोबांचे गोडवे गायले असतील आणि समोरच्यानं त्याची सालटी काढली असतील. त्या पोराला मी तोंडसुद्धा दाखवू शकत नाही. पानं त्याच दिवशी उतरवली गेली. महिनाअखेरपर्यंत दुरुस्त करून द्या, नाहीतर करार संपला, असं लिंडा मॅडमनी शांतपणे सांगितलं.

आम्ही सगळे रविवारीसुद्धा राबलो. काम वेळेत झालं, करार टिकला. दुरुस्त पानांवरून निखिलनं सगळ्यांचे मार्क नव्यानं काढले; माझ्या सूचनेमुळं झालेल्या चुका माझ्या खात्यावर. रोहिणी सगळ्यांत वर. सगळ्यांत खाली कोण, ते सांगायला नको. सलग दोन महिने. नियम भिंतीवर होताच, निखिल माझ्याकडं बघून नुसता घुटमळत होता.

"बघतोस काय? नियम तो नियम," मी पर्स उचलून म्हणाले. आतून रडू येत होतं. रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच सकाळी डबा घेऊन कुठंतरी जावंसं वाटत होतं.

रोहिणी कॉम्प्युटरवरून मान न उचलता म्हणाली, "अक्का, बसा गप. निखिलदादा, क्यूसी मी करतो. अक्का पानं भरतील." मग माझ्याकडं वळली. "माझे मार्क कापताना तुम्हास्नी माझी खोली आठवली न्हाई व्हय?"

"नाही आठवली," मी म्हणाले. खरं तेच होतं.

"मला तुमचा डबा आठवला," ती म्हणाली आणि कामाला लागली.

आता मी रंग भरते आणि ती तपासते. बाजूच्या टेबलावरून तिचा आवाज येतो, "अक्का, हे लाल कशावरनं?" मी कारण शोधून दाखवते. इतक्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही कुणाला विचारू दिला नव्हता. लोकांना मोकळं बोलू द्यावं, हे अमेरिकेतल्या पुढाऱ्यांना शिकवायला मी निघाले होते. आमच्या सहा खुर्च्यांच्या ऑफिसात बोलणारी एकच पोरगी होती, आणि मी तिलाच काढायला निघाले होते.